चार बोटे वर

माझ्या भाचीच्या मोटारीत दोन जीव एकत्र नांदतात. एक मुका आहे, एक बोलका. मुका विजेवर चालतो, बोलका पेट्रोलवर. 2017 सालच्या उन्हाळ्यात मी कॅलिफोर्नियात तिच्याकडे दीड महिना राहिलो होतो. तिचे घर सनीव्हेल या गावी आणि कचेरी पालो आल्टोला. रोज सकाळी ती मला बरोबर घेई, कचेरीजवळच्या वाचनालयात सोडी आणि संध्याकाळी परत आणी. ह्या जाण्यायेण्यात त्या दोन जिवांची आणि माझी चांगली ओळख झाली. इतकी की, लहानपणापासून मनात अडकून राहिलेली एक गाठ मी त्या गाडीत बसून पुन्हा एकदा सोडवायला घेतली. ती सुटली असे मात्र म्हणवत नाही.

गाडी टोयोटा कंपनीची प्रिअस, 2012 सालची. तिच्यात पेट्रोलचे इंजिन आहे, विजेची मोटर आहे आणि रात्री घरच्या भिंतीतल्या प्लगला वायर लावून भरून घ्यायची बॅटरी आहे. बॅटरी भरलेली असली म्हणजे गाडी सुमारे 11 मैल विजेच्या जोरावर जाते. भाचीची कचेरी एवढ्या अंतरात बसते. तेव्हा विजेवर कामावर जावे, तिथल्या प्लगवर बॅटरी पुन्हा भरावी आणि विजेवरच घरी यावे, अशी सगळी सोय होती. पण एक अट होती. ताशी 62 मैल, म्हणजे 100 किलोमीटर, ह्या वेगापर्यंतच ती गाडी निव्वळ विजेवर धावू शकते. त्याच्या वर गेलात की बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी इंजिन जागे होते.

सनीव्हेलहून पालो आल्टोला जायला दोन रस्ते आहेत. एक जुना, एल कामिनो रिआल नावाचा. नावाचा अर्थ राजमार्ग; पण आता त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने आहेत, आपल्या लोकांची वाणसामानाची दुकानेही आहेत, आणि पावलोपावली तांबडे दिवे आहेत. त्या रस्त्याने गेले की गाडी सारा वेळ मुकी राही. इतकी मुकी, की शेजारच्या गाडीतले गाणे ऐकू येई. दुसरा रस्ता म्हणजे 101 क्रमांकाचा महामार्ग. उशीर झाला की भाची त्या रस्त्याला लागे. चढणीवरून महामार्गात शिरताना ती पाय दाबी, आणि एका क्षणी पायांखाली बारीकसा हेलकावा जाणवे, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा. "उठले," ती म्हणे. पुढे पुढे मीच आधी म्हणू लागलो.

त्या महामार्गावर कायद्याने ताशी 65 मैल जाता येते. गाडीची मर्यादा 62. म्हणजे सगळा प्रश्न तीन मैलांचा! मी एकदा तिला विचारलेही, की साठनेच का जात नाहीस? अवजड ट्रक तिथे कायद्यानेच 55 च्या वर जात नाहीत. त्यांच्या मागोमाग उजव्या कडेच्या ओळीतून गेले तर कोण अडवणार आहे? ती हसली. म्हणाली, "मामा, ट्रकच्या मागे जायचं असतं तर ही गाडी कशाला घेतली असती?"

त्या हसण्याचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला. गाडीच्या मागच्या बाजूला सरकारने दिलेली हिरवी चिठ्ठी चिकटवलेली होती. महामार्गावर अगदी डावीकडे एक ओळ राखून ठेवलेली असते. गर्दीच्या वेळी गाडीत दोघे किंवा जास्त असतील तरच तेव्हा त्या ओळीतून जाता येई. पण गाडी ह्या जातीची असेल, म्हणजे हवा कमी बिघडवणारी असेल, तर एकट्या माणसालाही त्या ओळीत तेव्हा मुभा होती. 2012 पासून कॅलिफोर्नियात अशा चिठ्ठ्या मिळत होत्या आणि त्यांच्यासाठी लोक गाड्या घेत होते. आता गंमत पाहा. बक्षीस मिळाले ते विजेवर चालण्याबद्दल. बक्षीस काय, तर भरधाव जाण्याची ओळ. आणि त्या ओळीत भरधाव गेले की गाडी विजेवर चालत नाही! व्रताचे फळ म्हणून व्रतभंगाचा परवाना. आपल्या पुराणांतल्या देवांनी भक्तांना पुष्कळ चमत्कारिक वर दिले आहेत. पण हा वर त्यांनाही सुचला नव्हता. (त्या हिरव्या चिठ्ठ्या 2019 च्या आरंभी बाद झाल्या हे सांगितले पाहिजे.)

भाची इंजिनियर आहे. 62 चा आकडा कुठून आला हे तिने मला एका रविवारी जेवणाच्या टेबलावर ताटे-वाट्या मांडून समजावून दिले. एक कारण कुणालाही समजेल असे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, आणि त्यातून वाट काढायला शक्ती लागते ती आठपट. सायकलवर समोरून वारा खाल्लेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. पण ह्या गाडीतले दुसरे कारण जास्त मौजेचे आहे. तिच्या पोटात दात्यांच्या चाकांचे एक कुटुंब आहे. मध्यभागी एक लहान चाक, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे. आणि ह्या सगळ्यांना वेढणारे बाहेरचे मोठे कडे. कड्याचा संबंध गाडीच्या चाकांशी, ग्रहांना धरणाऱ्या पट्टीचा संबंध इंजिनाशी, आणि सूर्याला जोडलेले असते एक लहान जनित्र. सूर्याला 30 दाते, कड्याला 78. इंजिन बंद आहे, म्हणजे ग्रहांची पट्टी जागच्या जागी उभी आहे, आणि गाडी विजेवर पुढे चालली आहे, अशा वेळी ते मधले लहान चाक काय करते? ते उलटे फिरते. आणि नुसते उलटे नाही, तर कड्याच्या 2.6 पट वेगाने उलटे फिरते. गाडी जितकी जोरात पुढे, तितके ते त्याहून जोरात मागे. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी शांत, निःशब्द, निर्मळ. आत त्या चिमुकल्या चाकाचा जीव चाललेला. त्याला सोसेल त्यापलीकडे गाडीचा वेग गेला तर ते निकामी होईल. म्हणून इंजिनाला फिरावे लागते. इंजिन फिरू लागले की त्या चाकाचा भार हलका होतो.

"म्हणजे इंजिन सुरू होतं ते गाडीला जोर कमी पडतो म्हणूनच नव्हे?" मी विचारले.

"नाही. पुष्कळदा ते चाक तुटू नये म्हणून."

वाटी तशीच हातात धरून मी बसून राहिलो. मला माझी आई आठवली. ते का, हे सांगण्याआधी एक जुनी मोटार आठवतो. मोटार कसली, रथच. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटे वरून चाले, अशी महाभारतातली कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तो सत्याच्या जोरावर तरंगे. द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मेल्याचे ते अर्धे सत्य सांगितले, आणि रथाची चाके भुईला टेकली. तोपर्यंतचा सारा प्रवास एका शक्तीवर झाला होता. त्या दिवसापासून इतर सर्वांसारखा धुळीतून, खडखडत. मला लहानपणी ह्या कथेत एकच गोष्ट खुपे. ती म्हणजे, रथ खाली आल्यावर काय? धर्मराज पुढे लढला, जिंकला, राज्य केले, आणि शेवटी सदेह स्वर्गालाही गेला; थोडा वेळ नरक पाहून का होईना. मग ती चार बोटे गेली त्याने नक्की काय गेले? आणि दुसरा प्रश्न. जे सत्य एका विशिष्ट दाबापर्यंतच टिकते, ते त्या दाबाच्या खालीसुद्धा सत्य म्हणावे का? की ते पहिल्यापासून सत्य नव्हतेच, फक्त परीक्षेची वेळ आली नव्हती?

जर्मन तत्त्वज्ञ कांट ह्याने उत्तर देऊन टाकले आहे. खुनी माणूस दाराशी आला आणि लपलेल्या मित्राचा पत्ता विचारू लागला, तरी त्याच्याशी खोटे बोलण्याचा तुम्हाला अधिकार नाही, असे त्याने 1797 साली एका निबंधात लिहिले. कांटच्या गाडीत पेट्रोलचे इंजिनच नाही. बॅटरी संपली तर गाडी रस्त्यात उभी राहील, एवढेच. उलट आमच्या लोकमान्यांनी 'गीतारहस्या'च्या 'कर्मजिज्ञासा' ह्या प्रकरणात सत्य, अहिंसा अशा एकेका धर्माला कुठे कुठे अपवाद सांगितले आहेत ह्याची सविस्तर चर्चा केली. ते प्रकरण मी तरुणपणी वाचले तेव्हा फार दिलासा वाटला होता. आता वाटतो तितका नाही. अपवाद आहेत हे कळणे निराळे, आणि आपण घेतला तो अपवाद होता की पळवाट, हे कळणे निराळे.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत हिशेबनीस होते. कंत्राटदारांची बिले तपासण्याचे काम. नानांनी आयुष्यात कुणाची भीड घेतली नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती खरी होती. दिवाळीच्या आधी चार दिवस आमच्या दारी टोपल्या येऊ लागत. कुणाची सफरचंदे, कुणाची मिठाई, एकदा तर चांदीची निरांजने. त्यातले काही घरात राहायचे नाही असा नियम होता. पण टोपल्या येत दुपारी, नाना कचेरीत असताना. परत करावी लागे ती आईला. गड्याच्या डोक्यावर टोपली पुन्हा चढवून द्यायची, वर नम्रपणे दोन शब्द बोलायचे, आणि ज्या बाईच्या घरची ती टोपली, तिलाच दुसऱ्या दिवशी देवळात भेटायचे. त्या बायका तोंड फिरवीत. हळदीकुंकवाला आईला बोलावणे येता येता राही. नानांचा पगार ठरलेला. त्यात पाच माणसे, आजीचे औषध, आणि पाहुणे. आई सदऱ्यांच्या कॉलरी उसवून उलट्या बाजूने शिवी. दिवाळीत चकल्या होत, पण मोजून. आम्हा मुलांच्या वाट्याच्या तिने किती कमी करून स्वतःच्या वाट्याच्या किती पुसून टाकल्या, ते मला मोठेपणी कळले. गावात म्हणत, नाना म्हणजे सरळ माणूस. खरेच सरळ. घराची गाडी पुढे चालली होती, नाना जागच्या जागी अढळ उभे होते, आणि मध्ये आई 2.6 पट वेगाने उलटी फिरत होती.

1956 च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला विषमज्वर झाला. ती सहा वर्षांची, मी नऊ. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तिला रक्त पडू लागले. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता साताऱ्याला इस्पितळात हलवा. सकाळपर्यंत थांबू नका. बावीस मैल. बाहेर मुसळधार पाऊस. गावात मोटार एकच होती, आणि ती ज्या कंत्राटदाराची होती त्याचे पुलाच्या कामाचे बिल नानांनी दोन महिने अडवून ठेवले होते. खडी मापात चाळीस ब्रास कमी भरत होती.

आई काही बोलली नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे कधी कुणी म्हणेल की बायकोच्या अश्रूंपुढे त्यांचे काही चालले नाही. ती मुलीचे डोके मांडीवर घेऊन बसली होती आणि नानांकडे नुसती पाहत होती. नानांनी कोट घातला. टोपी घातली, रात्री दहाला, त्या पावसात, टोपी घातली. कंदील घेऊन बाहेर पडले. अर्ध्या तासाने दाराशी मोटारीचे दिवे आले.

बहीण वाचली. तीन आठवड्यांनी घरी आली. तिच्यामागून आठएक दिवसांनी असेल, मी झोपलो आहे असे समजून आईने अंधारात विचारले, "त्या बिलाचं काय केलंत?" बराच वेळ काही आवाज नाही. मग नाना म्हणाले, "झालं."

एवढेच. मापे पुन्हा घेतली आणि खडी पुरेशी भरली, की न घेताच सही केली, मला माहीत नाही. तो पूल अजून उभा आहे. मी दोनदा मुद्दाम जाऊन पाहून आलो. पूल उभा राहण्याने काही सिद्ध होत नाही हे मला समजते. चाळीस ब्रास खडी कमी असली तरी पूल पुष्कळदा उभे राहतात. पण गेलो.

त्या दिवाळीला कंत्राटदाराकडून टोपली आली. नाना घरी होते. त्यांनी नेहमीच्याच शब्दांत ती परत पाठवली. गडी फाटकाबाहेर गेल्यावर आई म्हणाली, "टोपली परत करता येते. मोटार कशी करणार?" तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. उलट, लग्नानंतर पहिल्यांदाच तिला नवऱ्याच्या शेजारी बसल्यासारखे वाटत असावे, असा तिचा आवाज होता. नाना ओसरीवर वर्तमानपत्र उघडून बसले. पण पान उलटलेले मी काही पाहिले नाही.

नाना 1989 च्या आरंभी गेले. त्यांच्या ट्रंकेत हिशेबाच्या वह्या निघाल्या. दर पाडव्याला ते नवी वही घालीत. 1956 च्या पाडव्याच्या वहीत पहिल्या पानावर, देण्याच्या बाजूला, एकच ओळ होती: मोटार. रकमेचा रकाना कोरा. पुढच्या वर्षीच्या वहीत: मागील बाकी, मोटार. रकाना कोरा. अशा 33 वह्या. पेन्शनीत निघाल्यावरच्यासुद्धा.

हे सारे मी भाचीला एका सकाळी 101 वरून जाताना सांगितले. वास्तविक सांगायचे नव्हते. पण चाकांची ती गोष्ट ऐकल्यापासून ते आत घुमत होते, आणि त्या दिवशी उशीर झाल्यामुळे आम्ही डावीकडच्या राखीव ओळीत होतो, इंजिन चालू होते. तिने एकदाही मध्ये तोंड घातले नाही. गोष्ट संपल्यावर तिने दिवा लावला आणि एकेक ओळ ओलांडीत उजव्या कडेला आली. समोर एक प्रचंड ट्रक होता. त्याच्या मागे ती 55 ने जाऊ लागली. थोड्या वेळाने पायांखालची थरथर थांबली.

"हे आईला ठाऊक आहे?" तिने विचारले.

आई म्हणजे माझी बहीण. तीच, सहा वर्षांची.

नव्हते. आमच्या घरात त्या रात्रीची जी गोष्ट सांगितली जाते, तीत एस.टी. आहे. बहिणीला एस.टी.ने साताऱ्याला नेले, असे आईने शेजारणींना सांगितले. का, ते समजण्यासारखे आहे. नाना कधी तसे म्हणाले नाहीत; पण आई सांगत असताना ते तिथे असत, आणि गप्प बसत. पुढे मीही तेच सांगू लागलो. बहिणीने सारे आयुष्य शाळेत शिकवले. आपले वडील कसे होते हे तिने शेकडो मुलांना सांगितले असेल. कशालाही न वाकणारा माणूस म्हणून. तिच्या मुलीने ते ऐकत ऐकत विद्या संपादन केली आणि आता ती त्या ट्रकच्या मागून जात मला विचारीत होती, आणि मला उत्तर देता येत नव्हते.

अमेरिकेत मोटारींच्या जगात ह्या प्रकारची एक कटकट होऊन गेली आहे. 2010 साली जनरल मोटर्स ही कंपनी व्होल्ट नावाची गाडी बाजारात आणीत होती. तिची विजेवरची मर्यादा दांडगी, ताशी 100 मैल. तिच्यातही पेट्रोलचे इंजिन होते. पण कंपनीने लोकांना सांगितले होते की हे इंजिन फक्त वीज तयार करील, चाकांना हात लावणार नाही. म्हणून ती खरी विजेची गाडी. त्या ऑक्टोबरात उघड झाले, की बॅटरी उतरल्यावर आणि वेग 70 मैलांच्या घरात गेल्यावर इंजिनाची थोडी शक्ती दात्यांच्या चाकांतून सरळ गाडीच्या चाकांपर्यंत जाते. इंजिनियरांनी ते शहाणपणानेच केले होते. त्या वेगाला तसे करण्यात पेट्रोल वाचते. कुणाचे काही नुकसान झाले नव्हते. तरी मोटारींवर लिहिणारे लोक खवळले. मी तो इतिहास वाचला तेव्हा आधी मला त्यांचा राग पोरकट वाटला. मग वाटला नाही. त्यांचे म्हणणे इंजिनाविषयी नव्हतेच. तुमच्या गाडीला मर्यादा आहे, तर असू दे. पण ती कुठे आहे हे आम्हाला का सांगितले नाही, हे त्यांचे म्हणणे होते.

गांधीजींचे शेळीचे दूध सर्वांना माहीत आहे. दूध न घेण्याचे त्यांचे व्रत होते. 1918 च्या आजारात प्रकृती अगदी ढासळली, तेव्हा कस्तुरबांनी सुचवले की तुमचे व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे, शेळीच्या दुधाला काय हरकत? ते त्यांनी घेतले. जगण्याची इच्छा व्रतापेक्षा बलवत्तर ठरली. पण पुढे आत्मचरित्रात त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले, की मी व्रताचा शब्द पाळला, आत्मा मारला, आणि ते मला अजून टोचते. आपली मर्यादा किती, तो आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने छापून टाकला. त्यांची चार बोटे गेली असतील तर सर्वांच्या देखत गेली.

नानांनीही आकडा लिहिला होता. फक्त ट्रंकेत लिहिला. आणि रकाना कोरा ठेवला. मला पुष्कळ वर्षे वाटे, की रकमेचा अंदाज करता आला नाही म्हणून तो कोरा राहिला. बावीस मैल जाणे, बावीस मैल येणे, पेट्रोल आणि ड्रायव्हरची भत्त्याची रक्कम. हिशेबनीस माणसाला ते अवघड का जावे? भाचीबरोबरच्या त्या प्रवासानंतर निराळे वाटू लागले. ते देणे कंत्राटदाराचे नसावे. मोटारीच्या आधीची जी बारा-तेरा वर्षे, त्यांत मधले चाक किती फेरे उलटे फिरले, तेवढे देणे असावे. ते त्यांनी त्या रात्री प्रथम मोजायला घेतले, आणि आकडा लागेना. आता हे माझे मत. नाना असते तर म्हणाले असते, कविता करू नकोस.

गाड्या पुढे सुधारल्या. त्याच प्रिअसची पुढची पिढी ताशी 84 मैलांपर्यंत विजेवर जाऊ लागली; त्या लहान जनित्रालाही गाडी ओढण्याच्या कामाला जुंपून त्यांनी ते साधले. आता 62 चा प्रश्न नाही. पण मर्यादा वाढली म्हणून व्रत वाढले असे झालेले दिसत नाही. युरोपीय आयोगाने 2024 च्या मार्चमध्ये ह्या जातीच्या गाड्यांचे रस्त्यावरचे आकडे प्रसिद्ध केले. कागदावर जितका धूर सांगितला, त्याच्या सरासरी साडेतीन पट धूर त्या सोडतात. लोक बॅटरी भरीतच नाहीत हे त्याचे एक मोठे कारण. इंग्लंडात काही कचेऱ्यांच्या गाड्या परत आल्या, तेव्हा त्यांच्या वायरी वेष्टनातून बाहेरसुद्धा काढलेल्या नव्हत्या, असे 2018 साली वाचले होते. त्या गाड्यांना मर्यादा होती असेही म्हणता येत नाही. त्या कधी निघाल्याच नाहीत. नानांची गाडी निदान निघाली होती. ती पुष्कळ दूरवर मुकी चालली. 62 च्या वर गेली ती एका रात्री, आणि कुणासाठी तर जिच्या मुलीने ते चाकांचे गणित मला शिकवले, तिच्यासाठी. इतके सगळे मांडूनसुद्धा त्या बिलावर सही करायला हवी होती असे मी म्हणू शकत नाही. मोटार मागायला नको होती असे तर मुळीच म्हणू शकत नाही. दोन्ही वाक्ये एका माणसाच्या तोंडी कशी शोभावीत, हा माझा प्रश्न आहे, आणि तो आता माझ्याबरोबरच जाईल.

हा लेख लिहून झाल्यावर एक अडचण उभी राहिली. माझी बहीण दर वर्षी दिवाळी अंक घेते, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. तिने हे छापलेले वाचावे आणि मग मला फोन करावा, हे बरे नव्हे. म्हणून लेख पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी मीच तिला फोन केला. मोटार सांगितली, बिल सांगितले, वह्या सांगितल्या. ती आता पंचाहत्तरीची आहे. मध्येच तिचा आवाज येईनासा झाला तेव्हा मला वाटले, फोन तुटला.

"आहेस ना?" मी म्हटले.

"आहे," ती म्हणाली. "दादा, तेव्हा रात्री दहाला आपल्या गावाहून एस.टी. कुठली होती रे?"

मी काही बोललो नाही.

"गाडीच्या बैठकीला चामड्याचा वास होता. एस.टी.ला तो वास नसतो. मला वाटायचं, तुम्हा सगळ्यांना ते नको आहे, म्हणून मी विचारलं नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्या वह्या आहेत का अजून?"

आहेत, म्हटले.

"पाडव्याला येशील तेव्हा घेऊन ये. आणि लेखात तिची प्रकृती आता कशी आहे वगैरे लिहू नकोस."